पालघर ते नवापूर, दोन डिस्कस घेऊन

डिस्कस हा ताटलीसारखा गोल, चपटा, गोड्या पाण्यातला मासा. माझ्याकडे राजा आणि राणी अशी जोडी होती. दोघं टाकीत उलट्या ठेवलेल्या कुंडीवर अंडी घालत, पंखांनी वारा घालत राखण करत, आणि प्रत्येक वेळी अंडी पांढरी पडून त्यांना बुरशी धरत असे. शेवटी आईने सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर टाकी विकायची. हीटर दिवसरात्र चालतो आणि विजेचं बिल तीच भरते, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरच्या हेमाताई घरी डिस्कसची पिल्लं काढतात, असं पालघरच्या दुकानात कळलं होतं. फोन केला तर म्हणाल्या, जोडी घेऊनच ये.

कुणाला असे मासे न्यायचे असतील तर आदल्या दिवशी त्यांना खायला देऊ नका. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत ठेवा. दुकानात पिशवीत ऑक्सिजन भरून देतात. पिशव्या थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या की पाणी लवकर गार होत नाही. थंडीचे दिवस होते, म्हणून मी वर जुनी चादरही गुंडाळली.

पालघरहून बोईसरला एसटीने गेलो, डबा मांडीवर. बेटेगावजवळ कंटेनरच्या रांगेत बस अडकली आणि मी सारखं झाकण उघडून पाहू लागलो. मग लक्षात आलं की गारवा आत सोडतोय तो मीच. बोईसर स्टेशनबाहेर नाश्ता चांगला मिळतो, पण डबा खाली ठेवावासा वाटेना, म्हणून चहावर भागवलं. शेजारी कंपनीत निघालेला एक कामगार उभा होता. त्याने विचारलं, "केक है क्या?" मी मछली म्हटल्यावर तो दोन पावलं लांब सरकला.

नवापूरसाठी शेअर रिक्षा मिळते, भरेपर्यंत थांबावं लागतं. माझ्याबरोबर बाजारात मासे विकून परतणाऱ्या दोघी बसल्या. थोरलीने डब्यात काय आहे विचारलं. मी सांगितलं. ती दुसरीकडे वळून म्हणाली, "आमी विकून रिकाम्या चाललो, नि हा नवापूरला मासे घेऊन चाललाय." मग खायला कसे लागतात, ही चौकशी झाली. खात नाहीत, पाळतात, म्हटलं. थोड्या वेळाने थोरलीने रिक्षावाल्याला बजावलं, "हळू घे रे. याच्या डब्यात नवसाचं कायतरी हाय." त्यानंतर एकही खड्डा जोरात लागला नाही.

हेमाताईंचं घर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मागे आहे. नवरा बोटीवर जातो. पूर्वी जाळी ठेवत त्या खोलीत आता त्यांच्या टाक्या आहेत. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून त्या पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी साठवून ठेवतात. त्यांनी पिशव्या टाकीत तरंगत सोडल्या आणि मला जेवायला बसवलं. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. मी अंडी घालतानाचा व्हिडिओ दाखवला. आधी राणी कुंडीवरून जाते, मागून राजा. तो अंडी फळवत जातो, असं मी समजावून सांगत होतो.

ताईंनी व्हिडिओ थांबवला. "राजाच्या मागं काय दिसतंय?"

राजाच्या मागेही अंड्यांची ओळ होती.

"दोघी बायका हायत, भाऊ. म्हणून तर तुला एवढी अंडी."

एवढी अंडी पडतात, याचा मला अभिमान होता. नर नसला की दोन माद्या अशी जोडी जमवतात. नवे लोक नेहमी फसतात, असं ताई म्हणाल्या. त्यांनी मार्ग सुचवला: एक मादी इथे ठेव आणि माझा नर घेऊन जा. कोणती ठेवायची, हे ठरवायला मला खूप वेळ लागला. राणी नव्या जागी बुजते, म्हणून राजाला ठेवलं. विकू नका, एवढंच म्हणालो.

"इकणार नाय. पन नाव काय, राजाच?"

राजाच, म्हटलं. परतीच्या वाटेवर मी झाकण एकदाही उघडलं नाही.

घरी नवा नर राणीशी जमला. अंडी पडली, पूर्वीपेक्षा बरीच कमी, पण पांढरी पडली नाहीत. काळसर झाली, शेपट्या वळवळू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी स्वच्छ होती. नराने सगळं खाल्लं होतं. पहिल्यांदा खातात, असं ताईंनी फोनवर सांगितलं. आईला मात्र पिल्लांविना टाकीच दिसत होती, आणि तिने गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं.

तो माणूस टाकी बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी नवापूरहून व्हिडिओ आला. ताईंनी राजाची दुसऱ्या नराशी जोडी लावली होती. राजाच्या दोन्ही अंगांना बारीक पिल्लं चिकटली होती, मोहरीएवढी. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. मी वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

आई भाजी निवडत होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"ही आपल्याकडची?"

"हो. राजा."

तिने हात पुसले, फोन हातात घेतला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पिल्लं एका बाजूवरून दुसरीकडे जाताना राजा जरा कलंडून त्यांना जागा करून देत होता, ते तिने मला बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाली, उद्या येऊ नका म्हणून त्या माणसाला कळव.

मी कळवत होतो, तेव्हा तिने विचारलं, "नवापूरला जायला किती वेळ लागतो रे?"