मागच्या जिन्यानं पाठवा

भूत, आत्मा, संकेत हे शब्द आमच्या घरात कुणी गांभीर्यानं वापरलेच नाहीत. आम्ही नागपूरचे, बौद्ध कुटुंब. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. शेजारी कुणाच्या अंगात आलं म्हणून बोलावणं आलं, की ते थर्मामीटर घेऊन जायचे. मीही त्यांच्याच वळणाची. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय... पण तीन वर्षं झाली, आता एकदा सगळं सांगूनच टाकते.

लग्नानंतर मी दिल्लीत आले. नवऱ्याचं ऑफिस कोपर्निकस मार्गावर, आणि माझी नोकरी फायर सर्व्हिसच्या कंट्रोल रूममध्ये. फायर ब्रिगेड म्हटलं की लोकांना लाल गाडी दिसते. पण ती गाडी सुटण्याआधी कुणीतरी फोन उचललेला असतो. टेबलावर फोन, वायरलेस, रजिस्टर आणि समोर शहराचा नकाशा. शहर विभागांत वाटलेलं, प्रत्येक विभागाखाली स्टेशनं. कुठल्या स्टेशनात किती गाड्या उभ्या आहेत, कुठली दुरुस्तीला गेलीय, कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही म्हणून छोटी पाठवायची, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आम्ही आग कधी बघत नाही. आम्ही ती फक्त ऐकतो.

एप्रिलमधली दुपार होती, तीन वाजून गेले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर तोमरजी, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी सीनियर. फोन वाजला. उत्तर-पश्चिम दिल्लीतल्या एका वस्तीत चार मजली इमारतीला आग, खाली फोमचं गोडाऊन, वर शिलाईचं काम. मी पत्ता लिहिता लिहिताच जवळच्या स्टेशनला कॉल दिला. दोन गाड्या निघाल्या. फोन अजून चालू होता, आणि मला पुढचं ऐकू आलं—

"पुढून नका पाठवू मानसं. मागच्या जिन्यानं पाठवा. दुसऱ्या मजल्यावर शटरच्या आत दोघी जणी हायेत. ऐकता ना जी, बाई?"

"हो, ऐकतेय," मी म्हणाले. आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: मागचा जिना, दुसरा मजला, शटरच्या आत दोन महिला.

बाईचा आवाज. घाबरलेला नाही, घाईतला. मराठी, तीही आमच्याकडच्या हेलाची. पण तेव्हा मला हे काहीच खटकलं नाही. दिल्लीत राहणाऱ्यांना माहीत असेल, घरी मराठी, दाराबाहेर हिंदी... कुठली भाषा कानावर पडतेय याची नोंद मेंदू ठेवतच नाही.

दहिया साहेब, म्हणजे त्या भागाचे स्टेशन ऑफिसर, पोचल्याबरोबर वायरलेसवर आले. मी त्यांना मागच्या जिन्याचं सांगितलं.

"पीछे कोई सीढ़ी नहीं है, मैडम. पीछे दूसरी बिल्डिंग चिपकी हुई है."

"सर, सीढ़ी है. दो लेडीज़ हैं अंदर. आगे से मत भेजिए."

मध्ये नुसती खरखर. ऑपरेटरनं निरोप द्यायचा असतो. साहेबांना 'असं करा' म्हणून सांगायचं नसतं. आणि जिना नसलाच, तर त्या शोधात गेलेली मिनिटं माझ्या नावावर.

"ठीक है, देखते हैं," ते म्हणाले.

नंतर कळलं ते असं. दोन इमारतींच्या मधल्या बोळात कापडाचे गठ्ठे रचले होते. ते ओढून काढल्यावर मागे अरुंद लोखंडी जिना निघाला. दोन जवान पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून वर गेले. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते. त्यांची ती शिट्टी वाजायला लागली तेव्हा ते शटर कापत होते. आत दोघी होत्या. एक शुद्धीवर, एक नाही. दोघी वाचल्या. तेवढ्या वेळात पुढचा जिना आगीनं पूर्ण बंद झाला होता.

मोठ्या आगीची चौकशी होतेच. चार दिवसांनी विभागाच्या डिव्हिजनल ऑफिसरांनी मला बोलावलं. समोर माझं रजिस्टर, बाजूला कॉलचं रेकॉर्डिंग. त्यांनी ते लावलं.

पुरुषाचा आवाज. हिंदी. "आग लग गई है जी, जल्दी भेजो," मग पत्ता, मजले, फोमचं गोडाऊन. मग माझा आवाज: "गाड़ी निकल गई है." फोन कट. पुढे काहीच नाही.

"इसमें सीढ़ी कहाँ है?" साहेबांनी विचारलं. मी पुन्हा लावायला सांगितलं. तेच. त्या वेळात माझ्या लाइनवर दुसरा कॉलही नव्हता.

"आप उस बिल्डिंग में कभी गई हैं? किसी को जानती हैं वहाँ?"

प्रश्नातला संशय मला कळत होता. मी नाही म्हणाले, तेच खरं होतं. मग म्हणाले, "सर, मुझे फ़ोन पर ही बताया गया था." हेही खरं होतं... निदान माझ्यापुरतं. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं: कंट्रोल रूमला मिळालेल्या माहितीनुसार.

बाहेर तोमरजींना विचारलं, त्या कॉलच्या वेळी माझं काही ऐकलंत का? म्हणाले, "हाँ, आप मराठी में कुछ बोल रही थीं. मुझे लगा घर का फ़ोन आया है."

रेकॉर्डिंगमध्ये माझं एकही मराठी वाक्य नाही.

मी इस्पितळात जाऊन त्या दोघींना भेटले. दोघी बिहारमधल्या पूर्णियाकडच्या, नणंद-भावजय. फोन केलात का, म्हणून भावजयीला विचारलं. "कहाँ से करते, दीदी? मोबाइल तो सुबह नीचे रखवा लेते हैं." त्या मजल्यावर आणखी कुणी होतं? नाही. मराठी बोलणारं कुणी? तिला प्रश्नच नीट कळला नाही. तिनं फक्त माझा हात धरून ठेवला.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "तुला कुठूनतरी आधी कळलेलं असेल आणि मनानं आवाज दिला असेल." मी म्हटलं, त्या गल्लीचं नावही मी त्या दिवशीच ऐकलं. त्यांनी ते नाव मला पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "तर मग मला माहीत नाही, बेटा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

कारण मलाही आजतागायत सापडलेलं नाही. लाइन क्रॉस झाली म्हणावं, तर रेकॉर्डिंगमध्ये आली असती. भास म्हणावा, तर भासाला तो जिना कसा माहीत? कोण होती ती बाई, दिल्लीतल्या त्या गल्लीशी तिचा काय संबंध, आणि तिनं मलाच का सांगितलं... काही कळत नाही.

एक मात्र झालंय. कॉल करणाऱ्यानं फोन ठेवला तरी मी लगेच ठेवत नाही. दोन-तीन सेकंद कानाला तसाच धरते. तोमरजींच्याही ते लक्षात आलंय. पलीकडे काही नसतं, नुसता टोन असतो. तरी मी हळूच म्हणते, "बोला, ऐकतेय." आणि मग पुढचा फोन घेते.