चंद्राखालच्या तीन खाचा

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला वसतिगृहात राहून अकरावी करत होते. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट. आबा शेतातल्या खोपीत झोपले होते म्हणून वाचले. घरात आई आणि माझा नऊ वर्षांचा भाऊ होता. मी गावात पोचले तोवर दोघांना अग्नी दिला होता. घरांच्याच चौकटी आणि तुळया सरणाला लावल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

आमच्या घराच्या ढिगाऱ्यातून जवानांनी जे काही काढलं, ते एका पोत्यात मावलं. पितळेची परात, भावाचं दप्तर, दोन तांबे आणि एक खिशातला चाकू. जवानानं चाकू आबांच्या हातावर ठेवला. आबांनी स्वतःच्या बंडीत हात घातला, तर त्यांचा चाकू तिथंच होता.

"ह्यो माझा न्हाई," ते म्हणाले. पण ऐकायला थांबलं कोण होतं?

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना आबांनी तो चाकू कितीतरी जणांना दाखवला. त्यांची समजूत अशी होती की, लष्कर येण्याआधी ज्यांनी हातांनी माती उपसली, त्यांच्यातल्या कुणाचा तरी तो पडला असावा. ओळख कुणालाच पटली नाही. गावातली निम्मी माणसं उरली नव्हती, हेही आहेच. शेवटी चाकू ट्रंकेत गेला.

मी शिकले आणि लातूरलाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. तोवर लातूर पार बदललं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, घरोघरी मुलांसाठी खोल्या, मेसचे डबे. आबांना मी माझ्याकडं आणलं. डोळे अधू झाले होते, छातीत पाणी व्हायचं. एका दुपारी त्यांनी मला ट्रंक उघडायला लावली.

"दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मरायचं न्हाई मला," ते म्हणाले. "तू शिकल्याली हायस. काढ हुडकून."

मी पहिल्यांदाच तो चाकू नीट पाहिला. मूठ काळ्या शिंगाची, टोकाला दोरी ओवायला भोक. पात्याच्या मुळाशी बारीक अर्धा चंद्र ठोकलेला आणि त्याखाली तीन उभ्या खाचा. लातुरात जुन्या वस्तू विकणाऱ्या एकानं बघताक्षणी सांगितलं, "विलायती माल आहे, बाई." मला ते पटलं नाही. आमच्या गावात विलायती चाकू कोण बाळगणार?

पुढच्या महिन्यात पेपर तपासायला नांदेडला जावं लागलं. काम संपल्यावर गुरुद्वाऱ्याजवळ कृपाणांच्या दुकानांत विचारत फिरले. एका दुकानदारानं चंद्रावर अंगठा फिरवला आणि मला मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं धाडलं.

कारागीर सानेसमोर, म्हणजे धारेच्या चाकासमोर, बसून कात्रीला धार लावत होते. सान थांबवली, हात पुसले, चाकू घेतला. राखेत लिंबू पिळून पात्याचं मूळ घासलं आणि भिंगातून पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"बघा बेटा. ठशाचा मार एकदाच बसतो, म्हणून चंद्र सगळीकडं सारखा खोल हाय. विलायती मालावर अक्षरं असतात, नाव-गाव असतं. हा आमच्या अब्बांचा ठसा. आता खाचा बघा. एक खोल, एक उथळ, तिसरी जरा तिरपी. ह्या छन्नीनं हातानं मारलेल्या."

"मग त्या कुणी मारल्या?"

"अम्मीनं," ते म्हणाले. "अब्बांची नजर गेली. पातं तापवून पाणी द्यायचं, तर लोखंडाचा रंग दिसावा लागतो. तो अम्मीला दिसायचा. तीन-चार वर्षं सगळा माल तिनंच केला. बाईच्या हातचं पातं कोण घेणार, म्हणून ठसा अब्बांचाच. पण खाली ती तीन खाचा मारायची. अब्बांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, माझी तीन लेकरं हायत ती."

मी चाकू परत घ्यायला हात पुढं केला, पण त्यांनी दिला नाही. पातं उलटसुलट करून बघत राहिले.

"चंद्र उलट्या बाजूला हाय," ते म्हणाले. "आणि नखाची खाचपण."

त्यांनी स्वतःचा चाकू काढून शेजारी धरला. पातं उघडायला नख लावतात ती खाच त्यांच्या चाकूवर एका बाजूला होती, मी आणलेल्यावर दुसऱ्या.

"डावखुऱ्यासाठी केलेला हाय. असे अम्मीनं लई थोडे केले. मामू माहूरच्या जत्रेत माल विकायचा, तिथं कुणी मागितला तर पुढच्या साली करून न्यायचा. तुमच्यात डावखुरं कोण होतं?"

आमच्यात कुणीच नव्हतं. मी निघाले, तेव्हा त्यांनी चाकू डोळ्यांना लावला आणि मग माझ्याकडं दिला. अम्मीच्या हातची एकही वस्तू आता घरात नाही, एवढंच म्हणाले. तो तिथंच ठेवून यावा असं मला फार वाटलं, पण तो माझा नव्हता.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. डावखुरा हा शब्द ऐकताच ते उठून बसले.

"माहूरच्या जत्रंतला म्हणाला त्यो?"

"हो."

"शेजाऱ्याचा हाय," ते म्हणाले. "दरसाल माहूरला जायचा. सगळं डाव्या हातानं करायचा."

शेजारी म्हणजे ज्यांच्या घराची नि आमच्या घराची मागची भिंत एक होती आणि शेताचा बांधही. त्या बांधावरूनच भूकंपाआधी दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बांध कुणी कोरला यावरून आबांनी त्यांच्यावर कुऱ्हाड उगारली होती. ते आणि त्यांची बायको, दोघंही भूकंपात गेले. उरली ती सासरी असलेली मुलगी, शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात.

"त्याचा चाकू माझ्या घरात कसा आला?" आबा पुनःपुन्हा विचारत राहिले. हादऱ्यात तो माणूस आपली बायको सोडून आमच्या माणसांना काढायला धावला असेल का? हा विचार त्यांना सोसत नव्हता. त्या आठवड्यात ते जेवले नाहीतच म्हटलं तरी चालेल.

रविवारी एसटीनं आम्ही गेलो. अक्का, म्हणजे शेजाऱ्यांची मुलगी, अंगणात तूर पाखडत होती. आबांना ओळखून तिनं पदर सावरला. आबा खाली बसले आणि त्यांनी चाकू तिच्यापुढं ठेवला.

तिनं तो उचलला, उलट्या बाजूला नख लावून उघडला आणि रडायला लागली.

"तुमच्याकडंच होता, ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "मीच दिला होता काकूला."

"कवा?" आबांनी विचारलं.

"गणपती बसायच्या आदी माहेरी आले होते तवा. काकूनं परसातल्या भिंतीवरून हाक मारली. पोराला गणपतीला मखर करायचंय, कागद-कामट्या कापायला काही हाय का, म्हणाली. माझी माय न् काकू रोज बोलायच्या, काका. तुमचं दोघांचं भांडण चालू होतं तवाबी."

"आन तुझा बाप?"

"तात्यांनी ऐकलं ना. खिशातून काढून त्यांनीच माझ्या हातात दिला. म्हणाले, जपून वापर म्हणावं लेकराला, धार लई हाय. आन परत द्यायची घाई न्हाई म्हणावं."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अक्कानं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला.

"तिनं मला सांगितलं न्हाई," तोंड पुसून ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर मखर ऱ्हाऊ दिलं असतं का तुम्ही?" अक्कानं विचारलं. त्यात राग नव्हता. आबांनी मान हलवली, नाही म्हणून.

आम्ही तिथंच जेवलो. निघताना आबा तिला म्हणाले, "बांध मीच कोरला होता, पोरी."

"हाव काका," ती म्हणाली. "तात्या सांगायचे."

त्या पेरणीला आबांनी शेत करणाऱ्या बटईदाराला निरोप धाडला आणि बांधापासून नांगराचे चार तास अक्काच्या शेताच्या बाजूला सोडायला लावले. दोन वर्षांनी तिची मुलगी अकरावीला लातूरला आली. खोली शोधायचा प्रश्नच आला नाही, ती आमच्याकडं राहिली. आबा तिला रोज क्लासच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचे. दिसत नव्हतं, तरी जायचे. खरं तर तीच त्यांचा हात धरून न्यायची.

तिची बारावी चालू असताना आबा गेले. अक्का पहिल्या एसटीनं आली, त्यांच्या उशाशी बसली आणि दहावा होईपर्यंत गावी गेली नाही.