सरायीतलं ताट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. रस्त्यात उतारा दिसला तरी मी बिनधास्त ओलांडून जाते. तरीही हे लिहितेय... पटलं तर घ्या.

भिलाईतल्या सेक्टरमधलं आमचं क्वार्टर, ऐंशीच्या दशकातली उन्हाळ्याची सुट्टी. दादा नागपूरच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलमधून एक खेळ शिकून आला होता — एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, पुढचं फासे ठरवणार. मी तलवारवाली, शेजारचा सुनील जादूगार. त्या दुपारी दादाने आम्हाला एका झपाटलेल्या सरायीत नेलं. दारूची पिंपं, मिणमिणता कंदील, कोपऱ्यातल्या टेबलाशी भूत... आणि नोकर मात्र सेकंड शिफ्टचे! स्टील प्लांटवाल्यांची पोरं आम्ही, दुसरं काय सुचणार?

खेळ चालायचा हिंदीत. मी रुबाबात भुताला विचारलं, "बोल, क्या चाहिए?"

भुताच्या वतीने दादा म्हणाला, "बाई, भाजी डाव्या बाजूनं वाढ. बाबा वावरात गेले."

आम्ही खो-खो हसलो. पण आई स्वयंपाकघरातून पापडाच्या पिठाने भरलेल्या हातांनीच धावत आली. "कोणी सांगितलं तुले हे?"

दादा गोंधळला. "काय? भूत तर किल्ली मागणार होतं..."

आईचा धाकटा भाऊ कामासाठी भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीत आला आणि तिथूनच बेपत्ता झाला, एवढं आम्हाला माहीत होतं. बाकीचं आईने तेव्हा सांगितलं. मामा डावखुरा. डाव्या हाताने जेवला की आजोबा मारायचे. ते शेतावर गेले की आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याची 'बाई', त्याला गुपचूप उलट बाजूंनी वाढायची... भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे. हे तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

ती चटईवर बसली. "विचार त्याले, जिता हाय का तू?"

मी विचारलं. दादाने फासे उचलून ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच फासे आणून ठेवले. मग रोज दुपारी तेच. ती चटईवर बसून भूत बोलायची वाट बघायची. मला तिच्याकडे बघवत नसे. शेवटी दादालाही राहवलं नाही. आवाज बदलून म्हणाला, "बाई, मी मजेत हावो. फिकर नोको करू."

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "हे तू बोलून राहिला, संजू. तो नाही."

त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मामाचंही काही कळलं नाही. ते पहिलं वाक्य दादाच्या तोंडी कुठून आलं, हे त्याला आजही सांगता येत नाही. दुसरं कुठून आलं, ते आईला लगेच कळलं होतं.