बजामावशीचा वानवळा

माझी बजामावशी सोलापूरच्या एसटी स्टँडवर उतरली की माझ्या घरी पोचायला तिला निम्मा दिवस लागतो. अंतर म्हणाल तर रिक्षानं पाव तासाचं. पण ही बाई रिक्षात बसेल तर शप्पथ! वाटेत पेरूवाली दिसली की, "काय गं, लेकीचं बाळंतपण झालं का?" चप्पल शिवणारा दिसला की, "जेवलासा का?" ओळख असो नसो. समोरचा कानडी वाटला तर "ऊटा आतेन्री?" म्हणजे तेच, जेवण झालं का. आणि इकडं मी आमटी पुन्हा पुन्हा गरम करून वैतागलेली.

माझी आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. तिच्या गावी, वळसंगला, तिच्या पोराबरोबर, दिग्विजयबरोबर. आम्ही दोघं एका ताटात जेवलो आणि एकाच लाटण्याचा मार खाल्ला. पुढं दिग्विजयदादा शिकून मलेशियात गेला, क्वालालंपूरला. कॉम्प्युटरची नोकरी, उंच इमारतीत फ्लॅट. मी सोलापुरातच एका लॅबमध्ये रक्त तपासते. काका वारले तशी मावशी वळसंगात एकटी पडली. एकटी आपली म्हणायला, दारात सदा चार बायका बसलेल्या.

गेल्या वर्षी दादानं धोशाच लावला. आई, कायमची इकडं ये, निदान एकदा बघून तर जा. दोघींची तिकिटंच धाडली, चार दिवसांची. निघायच्या आधी मावशी माझ्या कानाशी लागली.

"पायल, जायाचं, पोराचं मन राखायचं, आन न्हाय म्हणून सांगायचं. मी काय तितं ऱ्हात न्हाय."

खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. माझं माहेर म्हणजे तीच की.

तिची पिशवी बघून मात्र माझं डोकं फिरलं. भाजलेल्या शेंगा, कडक भाकरी, शेंगाची चटणी, सगळ्याच्या छोट्या छोट्या पुड्या बांधलेल्या. वानवळा! आमच्याकडं रानातलं काही घरात आलं की आधी शेजारीपाजारी थोडं थोडं वाटायचं, मग आपण खायचं.

"मावशी, ते विमान हाय, वळसंगची एसटी न्हाय!"

"आगं, त्याच्या शेजारणी असतील, हापिसातली असतील. रिकाम्या हातानं गेले तर म्हणतील, दिग्याची आई लई चिक्कट!"

पोचलो त्या दिवशी आम्ही नुसती झोप काढली. दुसऱ्या दिवशी रविवार. दादा सकाळीच तयार होऊन उभा. "आई, आज सगळं दाखवतो. रात्री मला काय ते सांग. उद्या कागदपत्रं करायला मी रजा घेतलीय."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

पहिल्यांदा पेट्रोनासचे जुळे टॉवर. ऊन आमच्यापेक्षा कमीच, पण घाम काही केल्या वाळेना. मान मागं टाकून बघताना मावशीचा पदर पार डोक्यावरून घसरला. "जुळी हायती व्हय? आन एकमेकाला धरून हुबी हायती बग!" मधल्या पुलाकडं बोट करून ती म्हणाली. पिशवी खालीच ठेवायला लावली, तर काउंटरवरल्या पोरीला "जपून गं बाई" असं बजावून आली. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या बुटांकडं बघत उभे. हिनं एका बाईला विचारलंच, "कुटनं आलासा?"

"आई, लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही हितं," दादा पुटपुटला.

"का? बिगडती का?"

वरून सगळं शहर दिसत होतं. दादा एकेक इमारत दाखवत होता, गिऱ्हाईक उठून जाईल म्हणून दुकानदारानं साड्यांची घडीवर घडी मोडावी तसा. मावशीनं मधेच विचारलं, "तुजं हापीस कंचं?"

"ते निळ्या काचेचं."

"चल की मग, वानवळा दिऊन यू."

"आज रविवार, कुणी नसतं."

"मग त्यांच्या घरी जाऊ. दोस्तांची नावं तर सांग."

दादा म्हणाला, चला, मॉलला उशीर होतोय. मॉलला कसला आलाय उशीर?

मग मॉलवर मॉल. सरकत्या जिन्यापाशी मीच पाय ठेवायला घाबरले, आणि मावशीनं दंड धरून मला वर नेलं. मला एक पर्स आवडली होती, पण मावशी बघू देईल तर ना! तिचं सगळं लक्ष दारातल्या म्हाताऱ्या वॉचमनकडं. "ऊटा आतेन्री?" तो तमिळ बोलणारा, त्याला काय कळणार? तिनं हातानं घास दाखवला आणि भाकरी पुढं केली. त्यानं ती मोडून चटणीबरोबर खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी बाबा हसत होता. दादा लाजून लांब जाऊन उभा राहिला. मला त्याचा असा राग आला की विचारू नका.

नंतर कॉफी प्यायला बसलो. दादा म्हणाला, मी रोज हितंच पितो. काउंटरवरल्या पोरीनं त्याचं नाव विचारून कपावर लिहिलं.

"रोज येतोस न्हवं? मग नाव का इचारती?" मावशी म्हणाली.

"पद्धत हाय, आई. रोज विचारतात."

मावशी त्या कपाकडं बघत राहिली. त्यानंतर तिनं बिल्डिंगा बघितल्याच नाहीत, दादाकडं बघत होती.

संध्याकाळी दादाच्या इमारतीत परतलो. दारापाशी मावशी थांबली. "समोर कोन ऱ्हातंय?"

"माहीत नाही गं."

"किती वर्सं झाली तुला हितं?"

"पाच."

"काय बाई तरी!" म्हणत तिनं सरळ समोरची बेल दाबली. दादा "आई, नको" म्हणेपर्यंत दार साखळीपुरतं उघडलं. आत चष्मेवाली बाई. मावशीनं हसून पुडी पुढं केली. आम्ही काही मागवलं नाही, बाई इंग्रजीत म्हणाली. दादानं माफी मागितली, आई गावाहून आलीय, भेट आणलीय म्हणाला. तिनं पुडी घेतली, चांगलीच होती बिचारी. हसून तिनं दादाला काहीतरी विचारलं आणि दार लावलं.

"काय म्हणली रं?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण दादाच बोलला. "म्हणाली, तुम्ही नवीन राहायला आलात का?" तो हसायला गेला. हसू काही आलं नाही.

मावशी आत गेली, पदर खोचला, पिठलं टाकलं. दादाला वाढताना म्हणाली, "कागद उद्या करायचं म्हणालास न्हवं?"

"हां."

"कर मग. ऱ्हाते मी."

दादानं घास खाली ठेवला आणि एवढा मोठा बाप्या ताटावर मान घालून रडायला लागला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मावशी मागोमाग आली.

"तू न्हाय म्हणणार होतीस!" मी ओरडलेच. "वळसंग सोडणार? दारातल्या बायका सोडणार? आन मी गं? मला कोण हाय?"

तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"पायल, तू चार दिस दिसली न्हाईस तर निम्मं सोलापूर तुज्या दारात यील. ह्यो चार दिस दिसला न्हाय तर?"

मी तिच्या गळ्यात पडून रडले. परतीच्या विमानात एकटीच बसले.