मोसमी वाऱ्यांची लावणी

भरे गावच्या नथूची आवडती गाणी तीन, आणि त्यांतली दोन त्यानं कामाला जुंपली होती.

दुसरा इलाजच नव्हता. सत्तावन्न साल. नथू सातवीत, म्हणजे फायनलच्या वर्षाला. उजाडल्यावर गोठ्यातलं शेण, मग शाळा. शाळेतून आला की पावसाळ्यात भाताची लावणी, दिवाळीच्या पुढंमागं कापणी, ती उरकते तोवर मळणी. पुस्तक उघडायचं कधी? आणि बापानं, हैबतरावानं, साऱ्या घरादेखत सांगून टाकलेलं, "पास झालास तर पुण्याला बोर्डिंगात घालतो. नापास झालास तर भिकूबरूबर मुंबईला, डबे व्हायाला. मंग माझ्याम्होरं रडायचं न्हाई."

भिकू नथूचा चुलता. जेवणाच्या डब्यांचा हारा डोक्यावर घेऊन पळून पळून त्याची मान खांद्यात अशी रुतली होती की मागून हाक मारली तर अख्खा भिकू वळायचा. नथूला स्वतःची मान फार प्यारी होती.

तेव्हा त्यानं धडे गाण्यांत भरले. मळणीचं गाणं बैलांच्या पावलावर चालायचं, त्यात व्याजाची गणितं चपखल बसली. "मुद्दल गुणिले दर हो, गुणिले मुदत हो," आणि मग दणक्यात, "भागिले शंभर!" पुढंपुढं 'भागिले शंभर' कानावर पडल्याखेरीज ढवळ्या बैल पाऊल उचलीना. हैबतरावालाही मग तेच ओरडावं लागे.

लावणीचं गाणं त्याहून लाडकं. लांबलचक, ओल्या चिखलासारखं सावकाश. त्यात त्यानं भूगोल घातला. ह्या गाण्याची एक रीत होती. म्होरक्यानं ओळ सांगायची, खाचरात वाकलेल्या बायांच्या रांगेनं तिचं शेपूट धरून ती परत द्यायची, आणि परत आल्याशिवाय पुढची ओळ काढायची नाही. काढली तर रोपं लावणारे हात चुकत आणि म्होरक्याला शिव्या बसत. नथूचा आवाज अजून फुटला नव्हता, म्हणून आई सारजाबाईनं त्यालाच म्होरक्या केलं होतं.

"उन्हाळ्यामंदी जमीन तापं गं," नथू सांगायचा.

"जमीन तापं गं, तापं गं बाय!" रांग परत द्यायची. सगळ्यांच्या मागनं, अर्धं पाऊल उशिरा, फुटक्या घागरीतून यावा तसा भिकूच्या बायकोचा, रंभाकाकूचा, 'बाय' यायचा.

"हवा हलकी हून वर जाती गं,"

"आरं नथ्या," रंभाकाकू कमरेवर हात ठेवून उभी राहायची, "हवा वर जाती, तर माजं कंबार का खाली चाललंय?"

"काकू, ते म्होरल्या धड्यात हाय!"

तिसरं गाणं पिरंगुटच्या चहाच्या हॉटेलातल्या रेडिओवर लागायचं. खरखर, शिट्टी, मग बाईचा आवाज, मग पुन्हा खरखर. नथू ते खरखरीसकट म्हणायचा. दोस्त भैरू म्हणाला, "ह्यात इतिहास बसतोय बघ."

"त्याला हात लावायचा न्हाई," नथू उसळला. "समदीच गाणी कामाला लावली, तर मी गाऊ काय?"

ते गाणं शाळेतून घरी येताना ओढ्याच्या उतारापुरतं राखलेलं होतं.

मार्च आला. पौडाच्या शाळेत परीक्षा. व्याजाच्या गणितांना ढवळ्या धावून आला. दुसऱ्या दिवशी भूगोल. पहिलाच प्रश्न, 'मोसमी वारे कसे निर्माण होतात?' नथू गालात हसला. झोकात पहिली ओळ लिहिली, 'उन्हाळ्यामध्ये जमीन तापते.' आणि थांबला.

कारण रांगेनं ओळ परत दिली नव्हती.

तो वाट बघत राहिला. पुढची ओळ पोटात होती, घशापर्यंत यायची आणि माघारी जायची. मधूनच धरून बघितली, तर समुद्र वर गेला आणि जमीन वाहायला लागली. डोक्यावर हारा दिसायला लागला. शेवटी त्यानं, अगदी हळू, ओठातल्या ओठात चाल धरली, "जमीन तापं गं..."

मागच्या बाकांवर भैरू आणि धनगराचा धुळा. साऱ्या आषाढात दोघांनी त्याच खाचरात रोपांच्या मुठी पोचवलेल्या. दोघांच्या तोंडून आपसूक निघालं, "तापं गं बाय!"

"कोण ते?" पर्यवेक्षक गरजले. पुण्याचे, उभट, सगळं नाकातून बोलणारे. "कोण म्हणालं 'गं बाय'? परीक्षा आहे ही, का तमाशाचा फड?"

"गाणं न्हाई सर," नथू उभा राहिला. "मोसमी वारं हायेत."

"चल! बाहेर बस, एकटा!"

व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. आता तर भैरू-धुळाचा आधारही गेला. नथूनं मान चाचपून पाहिली. अजून जागेवर होती. मग त्याच्या मनात आलं, गुरुजींचा खोकला आपण असा काढतो की वर्ग उठून उभा राहतो. मग रांग काढायला काय झालं?

त्यानं कुजबुजत ओळ सांगितली, आणि तोंड वाकडं करून आईच्या धारदार आवाजात परत दिली. मग रांगेतल्या भागूबाईच्या नाकातल्या आवाजात. मग अर्धं पाऊल थांबून रंभाकाकूचा 'बाय'. गाडी सुटली! हवा हलकी झाली, वर गेली.

पर्यवेक्षक दारात आले. पोरगं तोंडं वेंगाडतंय, मान डोलावतंय, आणि झरझर लिहितंय. ते मांजराच्या पावलांनी भिंतीमागं गेले. तिथं एक म्हैस रवंथ करत होती. ते परत आले.

"कोण सांगतंय तुला?"

"रंभाकाकू."

"कुठाय ती?"

"भऱ्यात, सर. भाताचा राब भाजीत आसंल."

आता ते नथूच्या खांद्यावरून वाकून उभे राहिले. त्यांच्यासमोर तोंड वाकडं करायची सोय राहिली नाही. नथू धास्तावला. पण पर्यवेक्षकांना पुटपुटत वाचायची सवय होती. नथूनं लिहिलं, 'जमिनीवरचा दाब कमी होतो.'

"...दाब कमी होतो. हं. कमी होतो," पर्यवेक्षक नाकातून पुटपुटले.

ओळ परत आली होती! रंभाकाकूपेक्षा कितीतरी वेळेवर. नथूनं लगेच पुढची टाकली. 'समुद्रावरून वारे येतात.' "...वारे येतात, येतात." 'डोंगराला अडतात.' "...अडतात, हं, अडतात." अशी लावणी भऱ्यात कधी झाली नव्हती. घंटा होईतो दोघांनी मिळून सगळा पाऊस पाडला.

निकाल लागला. नथू पास. उत्तरात एखादा 'गं' राहून गेला होता का, आणि तपासणाऱ्यानं त्याचं काय केलं, ते कळायला मार्ग नाही.

मे महिन्यात भिकू पोराला न्यायला म्हणून मुंबईहून आला. येताना पोराच्या मापाची, डबेवाल्यांची कोरी पांढरी टोपी घेऊन आला.

"पोरगं पास झालं," हैबतरावानं सांगितलं. त्याला हसू लपवता येईना.

"व्हय?" भिकू अख्खा नथूकडं वळला. "लई ब्येस. मग आता ह्या टोपीचं काय करू?"

"काका, ठिवा हितंच," रंभाकाकूच्या आवाजात नथू म्हणाला, "पुण्याला ऊन लई आसतंय गं बाय!"

ओसरीवर भाकरी थापणारी खरी रंभाकाकू पिठाच्या हातानंच त्याला धपाटा घालायला उठली.