खोड आधी सांगायची

नळदुर्गाच्या हायवेवरून नेहमी जाणारा आणि अयोध्याबाईला ओळखत नाही, असा ट्रकवाला सापडायचा नाही. बजरंगच्या ढाब्यावर ज्वारीच्या भाकरी थापायची ती हीच. भाकरी अशी, की नुसत्या ठेच्याबरोबर माणूस पोट भरून उठायचा. पण जिच्या हातच्या भाकरीसाठी लोक गाडी थांबवायचे, तिला गावात भाड्यानं खोली द्यायला मात्र कुणी राजी नव्हतं. आडपडदा कशाला ठेवायचा, सरळच सांगतो. कारण होतं तिची लेक, शिवांजली.

शिवांजली अंगानं वाढली, मनानं लहानच राहिली. दिवसभर गरीब गाय. ढाब्यामागच्या बाजेवर बसून कांद्याच्या पाती निवडायची. पण दिवेलागण झाली, की तिला काय व्हायचं देव जाणे, ती ओरडायला लागायची. पोटातून, जीव तोडून. पुरता अंधार पडेपर्यंत थांबायची नाही. सोलापूरचे डॉक्टर झाले, सोनारीच्या भैरवनाथाला नवस झाला. डॉक्टरच्या गोळीनं पोर दगडासारखी पडून राहायची, म्हणून अयोध्याबाईनं गोळ्या बंद केल्या. नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला, तो तिकडचाच झाला.

मग रोज संध्याकाळी एकच. दारं-खिडक्या लावायची, लेकीला मांडीवर घ्यायचं आणि तिच्या तोंडावर हात दाबून बसायचं. लेकीचे दात तळहातात रुतायचे. त्याच हातानं दुसऱ्या दिवशी भाकरी थापायची. एवढं करूनही आवाज भिंतीपलीकडं जायचाच. काही दिवसांनी घरमालक यायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "बाई तुम्ही लई चांगल्या हाव, पण..." त्या 'पण'नंतर बिऱ्हाड उचलायचं. या खेपेच्या मालकानं सांगून टाकलं होतं, की घट बसायच्या आत खोली मोकळी पाहिजे.

माहेरच्या, माकणीच्या शेतातला तिचा वाटा भावांनी न भांडता दिला. या साऱ्या गोष्टीत सोपं झालं ते तेवढंच. तो वाटा विकून तिनं ठरवलं, की आता भाड्याचं नको, स्वतःचं छप्पर घ्यायचं. तिथून कुणी ऊठ म्हणणार नाही. पण एकट्या बाईनं घर घ्यायचं, तर तिच्या बाजूनं बोलायला माणूस पाहिजे. तो कोण?

बजरंगनं शरणप्पाचं नाव सांगितलं. शरणप्पा म्हणजे जनावरांच्या बाजारातला म्हातारा दलाल. बाजार ओसरला, तसा तो घरांचे व्यवहार करायला लागला होता. ऑफिस म्हणजे बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवरचं बाकडं. अयोध्याबाईनं त्याला लेकीचं सगळं सांगितलं. आज ना उद्या कुणीतरी सांगणारच होतं. तंबाखू मळता मळता तो म्हणाला, "मग पोरीला संगं घिऊनच घरं बघायची. तीबी दिवेलागणीला. खोड आधी सांगायची असती, बाई. खोड लपवून इकलेलं जनावर पुढच्या बाजारी माघारी येतंय. सांगून इकलेलं येत न्हाय."

अयोध्याबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "आप्पा, माझी लेक काय म्हैस हाय व्हय?" एवढं बोलून ती उठली. चहा तसाच राहिला. राग येणारच! पोटच्या पोरीला कुणी जनावराच्या रांगेत बसवलं, तर कुठली आई ऐकून घेईल?

दुसरा दलाल होता वैजनाथ. काचेचं दार, कूलर, भिंतीवर प्लॉटचे रंगीत नकाशे. "मावशी, बसा की," म्हणाला आणि थंड पाणी दिलं. तिनं चाचरत लेकीचा विषय काढला, तर त्यानं हात झटकला. "हे कुणाला सांगायचंच कशाला? पोरीला आणूच नका. खरेदीखत झालं, की कोण काय करतंय? मी हाय न्हवं तुमच्या बाजूनं." इतकं गोड, तिच्या बाजूचं, कुणी कधी बोललं नव्हतं. बिचारी विरघळली. तिच्या हे ध्यानातच आलं नाही, की शरणप्पानं पोरीला संगं आण म्हटलं होतं आणि वैजनाथनं घरी ठेव म्हटलं होतं. तिला टोचला तो फक्त शब्द.

वैजनाथनं घर चांगलं दाखवलं. दोन खोल्या, मागं मोरी, अंगणात पेरू. दोन भावांचं घर मधोमध भिंत घालून वाटलेलं. धाकटा विकत होता, थोरला रामकिसन पलीकडं राहणार होता. इसार दिला. सौदा पक्का करायच्या पानसुपारीला दुपारी बसायचं ठरलं. शिवांजलीला ढाब्यावर बजरंगच्या बायकोजवळ, सत्यभामाजवळ ठेवून अयोध्याबाई गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून गेली होती.

थोरला रामकिसन सकाळी तुळजापूरला गेला होता, तो वेळेवर परतलाच नाही. ऊन उतरलं. अयोध्याबाईचं चित्त थाऱ्यावर राहिना. "मी जाऊन येते," ती म्हणाली, तर वैजनाथ डोळ्यांनी दटावायचा. शेवटी रामकिसन आला, पानाचं तबक फिरलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. सत्यभामाला पोर आवरेना, म्हणून ती तिला धरून आईकडं घेऊन आली होती. तिची तरी काय चूक? शिवांजली दारात उभी राहून ओरडत होती, आणि तबकातलं पान हातात तसंच धरून सगळे बघत होते.

अयोध्याबाई धावली. भर माणसांत तिनं लेकीच्या तोंडावर हात दाबला. तो हात बघून रामकिसनची बायको पुटपुटली, "अगं आई! हे रोजचं हाय व्हय?" मग रामकिसन वैजनाथकडं वळला. "हे आमाला सांगितलं का न्हाय? ही मधली भीत काय कानाला लावून घ्यायची का आमी?"

वैजनाथ शप्पथ घ्यायला मोकळा! म्हणाला, "मला तरी कुठं मालूम होतं?"

इसार त्यानं दुसऱ्या दिवशी परत दिला, आणि वर म्हणाला, "मावशी, मी तरी काय करू? तेबी माझंच गिऱ्हाईक हायत. पुढच्या खेपेला पोरीला गोळी दिऊन निजवा." अयोध्याबाई पैसे न मोजताच उठली. त्याच्या बोलण्यानं नव्हे. तोच विचार आदल्या दिवशी पानसुपारीला निघताना तिच्याही मनात येऊन गेला होता, म्हणून.

झालं! गावभर बोभाटा. आता घर सोडाच, भाड्याची खोलीही मिळेना. माणसं तिला लांबून येताना बघून दार लोटून घ्यायची. घट दोन-चार दिवसांवर आले. बोचकी बांधून ठेवली होती आणि न्यायची कुठं, ते ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत तिच्या मनात जे आलं, ते आईच्या मनात येऊ नये. ढाब्यावरून परतताना बोरी नदीच्या पुलावर ती लेकीचा हात घट्ट धरायची, आणि आपण तो कशासाठी धरलाय, याचीच तिला भीती वाटायची.

एका दुपारी ती शरणप्पाच्या बाकड्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्यानं 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. म्हणाला, "सांजच्याला पोरीला आण."

पहिल्या दारी खोड ऐकली आणि दार लागलं. अयोध्याबाई म्हणाली, "आप्पा, बास. लई झालं." शरणप्पा ऐकेना. किल्ल्याच्या अंगाला एका बोळात त्यानं दोघींना नेलं. शेजारी-शेजारी दोन घरं. एकात गौराबाई एकट्या राहायच्या. दुसरं त्यांच्या पुतण्याचं, बसवेशचं, बंद पडलेलं. बसवेश सोलापुरात, आणि काकू म्हणेल त्यालाच घर विकायचं, असं त्याचं सांगणं.

गौराबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. कपाळाला विभूती, आवाज तांब्याच्या घंगाळासारखा.

"शरणप्पा, कोण माणसं ही?"

"गिऱ्हाईक हाय, अव्वा." मग तो अयोध्याबाईकडं वळला. "तुझ्या बाजूनं घराच्या भावाचं मी बोलतो. पर खोड धन्यानं सांगायची असती, दलालानं न्हाय. सांग."

बोळात अंधारून यायला लागलं होतं. शिवांजलीचं अंग थरथरायला लागलं. आयुष्यभर जे दाबलं, ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं!

"अव्वा," ती म्हणाली, "मी खोड सांगायला आली न्हाय. माझं लेकरू सांगायला आली. ही शिवांजली. दिवेलागणीला वरडती. रोज. का ते कुणाला कळत न्हाय. पुढंबी वरडंल. मी मेल्यावरबी वरडंल. आता ऐकालच तुम्ही."

आणि शिवांजली ओरडली. अयोध्याबाईचा हात वर गेला, पण शरणप्पानं मधेच धरला. "ऐकू दे त्यास्नी."

गौराबाईंनी ऐकलं, शेवटपर्यंत. वाती वळणं थांबलं होतं. पुरता अंधार पडला, पोर गप झाली, तेव्हा त्यांनी वातीचा हात पदराला पुसला.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "ह्या घराची मागची भीत पावसात गळती, बसवेश सांगणार न्हाय. आन् मी रोज पहाटं उठून नवऱ्याला शिव्या घालती. मोठ्यानं. त्यो मरून लई वर्सं झाली, पर माझी सवय गेली न्हाय. दोन भाडेकरी त्याच्यामुळंच पळाले. चालंल का तुला?"

अयोध्याबाईला हसावं का रडावं कळेना. तिनं होकाराची मान डोलावली.

"दोघींनी सांगितलं," शरणप्पा म्हणाला. "आता माघारी द्यायचं न्हाय."

पुढचं कागदाचं काम शरणप्पानं केलं, आणि ते चालू असतानाच, घटाच्या आदल्या दिवशी, बसवेशनं किल्ली देऊन टाकली. ढाब्यावरची हातगाडी आणून बजरंगनं बोचकी पोचवली. संध्याकाळ झाली. अयोध्याबाईनं कोनाड्यात दिवा लावला आणि सवयीनं उठून खिडकी लावली, दार लावलं, लेकीला मांडीवर घेतलं. शिवांजलीनं तोंड उघडलं. आईचा हात तोंडावर गेला.

तो हात तिथंच थांबला. दातांच्या खुणांनी तळहात खरबरीत झाला होता. तिनं तो हळूच मागं घेतला, उठली, खिडकी उघडली, दारही उघडलं. आवाज सरळ बोळात गेला. अयोध्याबाई कान देऊन बसली, की आता शेजारची कडी वाजेल, आता कुणी येईल, आता चहा पिऊन 'पण' म्हणेल. कुणी आलं नाही. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. इतक्या खोल्यांत तिला स्वतःला कधी मोठ्यानं रडता आलं नव्हतं. लेकीला कवटाळून तिनं गळा काढला, आणि त्या दोघी पुरता अंधार पडेपर्यंत मोठमोठ्यानं ओरडत बसल्या.

पहाटे पलीकडून शिव्या ऐकू आल्या, आणि अयोध्याबाईनं कूस बदलून पुन्हा डोळे मिटले.