एकट्याचा व्हिसा

"अहो कुठलं काय, वहिनी. आपलं नावाला आहे."

कशाचंही कौतुक केलं की आमचे हे शेजारी असं म्हणायचे आणि उजवा हात छातीशी नेऊन मान जराशी झुकवायचे. नवी कोरी स्कूटर घेतली, तिला खटारा म्हणाले. दुमजली घर बांधलं, तो गरीबखाना. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी कोफ्त्यांची तारीफ केली, तर म्हणाले, "जमतील तसे वळलेत, माफ करा." कोफ्ते बायकोने केले होते. ती आतून म्हणाली, "स्वतःचं हवं तेवढं कमी करा, माझ्या कोफ्त्यांना का ओढता?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लखनऊत ती जरा जास्त भेटतात. पण हे मराठी. वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत आले आणि इथलेच झाले. यांची मराठी घरापुरती, तीही अर्धी हिंदी. वागणं मात्र पूर्ण लखनवी. इंदिरा नगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. तळमजल्यावर त्यांचं चिकनचं, म्हणजे लखनवी भरतकामाचं, काम चाले. आसपासच्या दहा-बारा बायका चटईवर बसून पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याने भरतकाम करायच्या. काम उत्तम होतं. हे मी सांगते आहे, ते कधी म्हणाले नाहीत.

नव्वदीच्या मध्यावर अमीनाबादच्या बाजारात मशिनवर भरलेलं चिकन आलं. लांबून तसंच दिसायचं आणि बरंच स्वस्त पडायचं. दुकानदारांनी यांचा माल घेणं जवळजवळ थांबवलं. त्याच सुमारास युरोपातली एक खरेदीदार बाई लखनऊला येऊन यांचं काम पाहून गेली. तिने निमंत्रण धाडलं, की तिकडे प्रदर्शन आहे, नमुने घेऊन स्वतः या, चार दुकानदारांशी गाठ घालून देते. गेले तर काम टिकणार, नाही तर बायकांना घरी पाठवायचं. इतकं सरळ होतं.

मी तेव्हा हजरतगंजमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत व्हिसाच्या फायली लावायचे. बिझनेस व्हिसा हे एरवी कंटाळवाणं काम. कंपनीचा माणूस असला की त्याच्या वतीने कंपनी बोलते. लेटरहेडवर लिहून देते, की खर्च आमचा, माणूस आमचा, परत येईल. एकट्या माणसाचा मालक तोच, जामीनही तोच. मी बरा आहे, माझं इथे भरपूर आहे, मी परत येणार, हे दूतावासात त्याला स्वतःच सांगावं लागतं. मी फाईल चोख लावली. घराचे कागद, इन्कम टॅक्स, बँक, निमंत्रण, सगळं होतं. राहिले ते स्वतः.

रविवारी तालमीसाठी त्यांच्या बैठकीत मी दूतावासातला साहेब झाले.

"काय करता?"

"जी, असंच थोडंबहुत."

"थोडंबहुत नाही. माझा कारखाना आहे, म्हणा."

"वहिनी, कारखान्यातून धूर निघतो. हे आपलं…"

"म्हणा."

"माझा," ते अडखळले, "कारखाना आहे."

"घर कुणाचं?"

"आपलंच."

"आपलं म्हणजे? माझं?"

"हां, तुमचंच समजा."

बायको दारात तांदूळ निवडत होती. "ताई, मला पाहायला आले तेव्हा माझ्या बाबांना म्हणाले, मी कुठे तुमच्या मुलीच्या लायक. बाबांनी खरं मानलं असतं तर मी सुटले असते."

शेवटी मी इंग्रजीत पाठ करून घेतलं. इंग्रजीत त्यांना लाज वाटत नसे. परक्या भाषेत माणूस कुणीही होऊ शकतो. आय ओन अ वर्कशॉप. आय ओन माय हाउस. दाढी करताना म्हणायचे, स्कूटर पुसताना म्हणायचे.

मुलाखत देऊन दिल्लीहून परतले ते थेट माझ्या ऑफिसात. पासपोर्ट टेबलावर ठेवला.

"नाही झालं."

"काय विचारलं?"

"माणूस फार भला होता, वहिनी."

अधिकारी गोरा होता, इथे बरीच वर्षं काढलेला, हिंदी शिकलेला. त्याने यांना आत बोलावलं, अर्धवट उठून खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "तशरीफ रखिए." तिथेच सगळं संपलं. तो खेकसला असता तर यांनी पाठ घडाघडा म्हटला असता. अदबीने विचारणाऱ्यापुढे स्वतःला मोठं करायचं, हे त्यांना येत नव्हतं.

"कारोबार तो आपका अच्छा-खासा लगता है."

"अजी कहाँ साहब, नाम का है. दो वक्त की रोटी निकल आती है."

"और मकान?"

"गरीबखाना है. आप ही का है."

"काम होते ही लौट आएँगे?"

"जैसी ऊपरवाले की मर्जी."

साहेबाने प्रत्येक उत्तर लिहून घेतलं. घराचे कागद समोरच होते, पण ते दुसऱ्या कुणाचे असावेत असं त्याला वाटलं असणार. घरदार असलेला माणूस असं कशाला बोलेल? परत येण्याची खात्री पटत नाही, असा नकार मिळाला.

मी चिडले. "एवढं घोकून घेतलं होतं तुमच्याकडून."

"समोरचा इतकं झुकून बोलत होता. त्याच्यापुढे माझं घर, माझा कारखाना, कसं म्हणणार?"

पुन्हा अर्ज केला. या खेपेला मुलाखतीला बोलावलंच नाही. आधीच्या नकाराचा शिक्का पाहून पासपोर्ट परत आला. प्रदर्शन होऊन गेलं. खरेदीदार बाईने दिल्लीतल्या एका कंपनीचा माल उचलला. कंपनीचा माणूस तिथे जाऊन पोचला होता.

दिवाळीनंतर बायका एकेक करून कमी झाल्या. त्यांतली सगळ्यात जुनी आमच्या शेजारी भांडी घासायला लागली. सोड्याने तिची बोटं फुटली. त्या बोटांनी मलमल धरता आली नसती, प्रत्येक तंतू अडकला असता.

जानेवारीत आमची बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा सकाळचं दाट धुकं होतं. ते अंगणात शेगडीपुढे बसले होते. शेजारी पोतंभर लाकडी ठसे. भरतकामाआधी कापडावर निळीने नक्षी छापतात ती या ठशांनी. टाके घालून झाले की नीळ धुऊन टाकतात. मशिनला ठसे लागत नाहीत. ते एकेक काढून विस्तवात टाकत होते.

"विकायचे तरी," मी म्हटलं.

"कोण घेणार? बसा, वहिनी. थंडी आहे."

बायको बाहेर आली नाही. मी पोत्यातला एक ठसा उचलला. वीतभर वेल, तिचं एक पान दुसऱ्यासारखं नाही.

"हा कुणाचा?"

"माझा." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि अंगठ्याने धूळ पुसली. "नक्षी मी काढली. कारागिरासमोर बसून कोरून घेतला. अख्ख्या लखनऊत असं काम दुसऱ्या कुणाकडे नव्हतं."

आवाज अगदी साधा होता, बँकेत पत्ता सांगावा तसा. मग तो ठसा त्यांनी बाकीच्यांवर ठेवला. निळीत मुरलेलं जुनं लाकूड पेट घेईना. त्यांनी वाकून फुंकर घातली, पुन्हा घातली. जाळ वर आला तशी मी खुर्ची मागे घेतली.